‘म्हणे’ला पिवळा, ‘बहुतेक’ला लाल

“माझ्या फायलीला कुणीतरी रंग लावलाय,” काका म्हणाले.

ते माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात उघडा लॅपटॉप, ताट धरावं तसा. बुधवार होता. सकाळचे सव्वानऊ. ऑफिसचे दोन्ही फोन वाजत होते.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोन घेते. साहित्यात एमए केलं आणि इथे लागले. पहिल्या दिवशी साहेबांनी ओळख करून दिली, “ही साहित्याची.” कोपऱ्यातून आवाज आला, “मग ग्रीसचे डबे हिच्याकडे मागायचे का?” आमच्याकडे साहित्य म्हणजे ग्रीस, दोर, नटबोल्ट. तेव्हापासून माझं नाव साहित्यच पडलं.

काकांचं नाव शंकासुर. अर्थात पाठीमागे.

एकतीस वर्षं ते लिफ्टचं काम करतात. पहिल्याच वर्षी त्यांच्या उस्तादाने खालून ओरडून सांगितलं होतं, करंट बंद आहे. तो बंद नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. तेव्हापासून सांगितलेलं आणि पाहिलेलं या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यात एकत्र होऊ दिल्या नाहीत. कुलूप तीनदा ओढून बघतात. काकूंनी गॅस बंद केला असं सांगितलं की उठून बघून येतात. काकू म्हणतात, “लग्नाच्या दिवशी ह्यांनी मला नाव विचारलं, आणि मग माझ्या बापाला विचारलं, खरं का?”

माझी त्यांची मैत्री एका चिठ्ठीवरून झाली. एका वॉचमनचा फोन आला होता. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली, म्हणे.’ काकांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग माझ्यासाठी चहा घेऊन आले.

“तुला लिहिता येतं,” म्हणाले.

एवढं कौतुक मला विद्यापीठात कुणी केलं नव्हतं.

कंपनीचं एक ॲप आहे. त्यात चौकटी आहेत. तपासले, बदलले, साफ केले. बोट लावलं की टिक उमटते. काका टिका करतात, कारण कराव्याच लागतात. पण त्यांची खरी नोंद वेगळी असते. साध्या एडिटरमध्ये लिहिलेली, निव्वळ अक्षरांची फाइल. प्रत्येक लिफ्टची एक. त्यात तीन प्रकारची वाक्यं. स्वतः पाहिलं तर ‘पाहिलं’. कुणी सांगितलं तर शेवटी ‘म्हणे’. अंदाज असेल तर ‘बहुतेक’.

“त्या ॲपमध्ये ‘म्हणे’ला जागाच नाही,” ते म्हणत. “टिक केली की सगळं खरं. असं कुठं असतं का?”

तर त्या बुधवारी मी लॅपटॉपमध्ये डोकावले. सहा विंगांच्या मोठ्या वसाहतीतली सी विंग. तिची फाइल. आकडे निळे. अवतरणचिन्हांतली माणसांची बोलणी तांबडी. दोन तिरक्या रेघा मारून पुढे लिहिलेला मजकूर हिरवा.

“बाकीच्या पाच विंगा काळ्या आहेत,” काका म्हणाले. “फक्त सी. आणि अपघात कुठे झाला? सी. आकडेच निळे का? आकड्यांवर कुणाचा तरी डोळा आहे.”

अपघात सोमवारी झाला होता. सी विंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर वीतभर खाली थांबली. दार उघडलं. आत पाऊल टाकताना तिथल्या निवृत्त संगीतशिक्षिका पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ब्रेकची अस्तरपट्टी, जिला आम्ही सगळे लायनर म्हणतो, ती झिजून संपली होती. ब्रेक घसरत होता. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी दरमहा तपासणीचं कार्ड टांगलेलं होतं. त्यावर बावीस सह्या. सगळ्या काकांच्या.

पुढच्या सोमवारी चौकशी होती. निरीक्षक येणार होते. साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं होतं, “तुमची ती फाइल घेऊन या. तिच्यात सगळं असतं म्हणे.”

काकांचा परवाना त्या फायलीवर टांगलेला होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि आता फाइल रंगलेली.

“कुणावर संशय आहे?” मी गमतीनं विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. यादी तयार होती. सी विंगचा सेक्रेटरी. वॉचमन. आमचे साहेब. लॅपटॉप विकणारा दुकानदार. शेजारचा कॉलेजकुमार, जो यांचं वायफाय वापरतो असा यांचा जुना आरोप. ॲप बनवणारी कंपनी.

“सहा झाले,” मी म्हणाले.

“सातवी तू. तुला इथलं सगळं उघडता येतं.”

मी हसले. ते हसले नाहीत.

लॅपटॉप नवीन होता. जुना लॅपटॉप मागच्याच आठवड्यात बंद पडला होता. नवा कुणी आणला, एडिटर कुणी टाकला, फायली पेनड्राइव्हवरून कुणी उतरवल्या, हे मी विचारलं. “बारक्याने,” काका म्हणाले. बारक्या त्यांचा मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ, अडतीस वर्षांचा, आमच्याच कंपनीत मेकॅनिक. यादीत त्याचं नाव नव्हतं. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

रंगांचं कोडं मी दुपारी सोडवलं. काका फायलींना नाव द्यायचे ते असं: आधी लिफ्टचा क्रमांक, मग टिंब, मग विंगचं इंग्रजी अक्षर. टिंबाच्या पुढे सी आलं की नव्या एडिटरला वाटलं, ही सी नावाच्या संगणकभाषेतली आज्ञावली आहे. त्याने तिला त्या भाषेचे रंग चढवले. ए, बी, डी, ई, एफ या आडनावांची कुठलीच भाषा त्याच्या ओळखीची नव्हती. त्या फायली बचावल्या.

मी हे समजावलं. काकांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे आडनाव बघून त्याने जात ठरवली?”

“तसंच.”

“आणि आतलं एक अक्षर बदललं नाही?”

“नाही. रंग फक्त दिसण्यापुरता. फाइल आहे तशीच आहे.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“मदतपानावर वाचलं.”

“म्हणजे म्हणे,” काका म्हणाले.

मग मी त्यांना दाखवलं. त्याच फाइलची प्रत काढली, शेवटचं सी खोडलं. रंग गेले. दोन्ही फायली साध्या वहीसारख्या छापून काढल्या. त्यांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि ओळ न् ओळ जुळवली. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात दोन लिफ्टा अडकल्या आणि सुटल्या.

“ठीकाय,” मी म्हणाले, “आता तरी...”

“ठीक म्हणू नकोस. ठीक म्हणजे किती?” हे ते सगळ्यांना म्हणत. नव्या पोरांना तर पहिल्या दिवशीच. मग खुर्चीत बसले. “हे त्याला सांगता येतं का? कशाला कुठला रंग द्यायचा ते?”

येत होतं. एक वेगळी नियमांची फाइल लिहायची असते. एका ओळीत शब्द, पुढे रंग. एडिटर ती वाचतो आणि आपलं ऐकतो. काकांचे डोळे पहिल्यांदा जरा निवळले. निरीक्षकाला त्यांना एका नजरेत दाखवायचं होतं, कुठली गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि कुठली कुणी त्यांच्या गळ्यात मारली.

शनिवारी ऑफिस दुपारी एकला सुटतं. मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलावर ऑइलक्लॉथ, त्यावर लॅपटॉप. काकू लसूण सोलत होत्या.

“काय गं, कसले रंग देताय?”

मी सांगितलं. कुणी सांगितलेलं ते पिवळं. अंदाज तो लाल. पाहिलेलं काळंच राहणार.

“पिवळंच निवडलंत ना? कावीळ झालेल्याला काय, सगळंच पिवळं,” काकू म्हणाल्या.

“तू लसूण बघ.”

“बघतेय. तुम्ही येऊन मोजा.”

पहिला नियम लिहिला आणि बिघडला. ‘म्हणेन’, ‘म्हणेपर्यंत’, सगळ्यांची डोकी पिवळी झाली आणि शेपट्या काळ्या राहिल्या. पूर्ण शब्दच धर, असं सांगायची एक खूण असते. ती घातली तर उलटंच. एडिटर इंग्रजी शब्द कुठे संपतो ते ओळखायचा. मराठीची मात्रा आली की त्याला वाटायचं शब्द तुटला. काका माझ्या खांद्यावरून बघत होते.

“याला मराठी येत नाही आणि हा माझी फाइल वाचतोय.”

शेवटी मी ‘म्हणे’च्या पुढे पूर्णविराम बंधनकारक केला. काका ‘म्हणे’ नेहमी वाक्याच्या शेवटीच लिहीत. मग साधलं. आणि नुसता शब्द नाही, अख्खी ओळ पिवळी करायची, असा नियम केला.

ए विंग उघडली. वरची पानं म्हणजे शेवंतीचं शेत. वॉचमन म्हणे, सेक्रेटरी म्हणे, दुकानदाराने दिलेला दोर नवा आहे म्हणे. बी विंग तशीच. चुकून एक वेगळीच फाइल उघडली गेली. नाव ‘घर’. तिच्यात ओळ होती: ‘गॅस बंद केला, म्हणे.’ तारीखवार. पाच वर्षांची.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. लसणाची वाटी खाली ठेवली.

“पाच वर्षं?”

“ती उघडायची नव्हती,” काका मला म्हणाले.

मग सी विंग उघडली. सुरुवातीची वर्षं ए-बीसारखीच, पिवळी, मधे मधे लाल ठिपके. मी खाली जात राहिले. एका जागी पिवळं थांबलं. तिथून पुढे ब्रेकच्या नोंदीत एकही पिवळी ओळ नव्हती. बावीस महिने. दर महिन्याला तेच: ‘ब्रेक पाहिला. लायनर ठीक.’ काळ्या अक्षरात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं.

काका उठले, पाणी प्यायले.

मला तेव्हा पहिला संशय आला. चौकशी सोमवारी. फाइल नेमकी त्याच विंगची. आणि नेमकी तीच इतकी स्वच्छ. मी स्वतःला समजावलं. पण डोळे तारखांवरून फिरत राहिले. एका तारखेवर थांबले. ती मला पाठ होती, कारण त्या दिवशी ऑफिसातून फुलं घेऊन दवाखान्यात मीच गेले होते.

“काका, ही चौदा तारीख.”

“हं.”

“त्या दिवशी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.”

काकूंच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

“तुम्ही भूल घेऊन पडला होतात. इथे लिहिलंय, ब्रेक पाहिला.”

मला वाटलं ते चिडतील. ते टेबलाजवळ आले. चष्मा पुसला. ओळ वाचली. कुणा दुसऱ्याचं पत्र वाचावं तशी वाचली.

“हे मी लिहिलंय?”

“फाइल तुमची आहे.”

“कुणी बदललं असेल.”

“तुम्ही काचेवर लावून बघितलंत. ती प्रत याच फायलीची होती, आधीची नाही. पण जुन्या लॅपटॉपची डिस्क आहे ना? तिच्यावर बघा.”

डिस्क कपाटात होती. काका काही टाकत नाहीत. जोडून बघितली. तीच ओळ. तीच तारीख. तीच वेळ, संध्याकाळचे आठ. म्हणजे शुद्धीवर आल्यावर, पलंगावरून, काकूंकडून दवाखान्यात लॅपटॉप मागवून.

आता माझा संशय पक्का झाला. हा माणूस खोटं लिहितो. जगाला ‘म्हणे’ लावतो आणि स्वतः न पाहिलेलं पाहिलं म्हणतो. चहा त्याने आणला होता. लिहिता येतं म्हणाला होता.

“मशिनरूम गच्चीच्या वर आहे,” काका हळू म्हणाले. “उभी लोखंडी शिडी. गुडघ्यामुळे मला चढता येत नाही. सहाही विंगांना तशीच शिडी. बारक्या चढतो. संध्याकाळी फोन करतो. मी लिहितो.”

“मग ‘म्हणे’ का नाही?”

ते उत्तर खरंच शोधत होते, असं दिसलं.

“बारक्याने पाहिलं म्हणजे मी पाहिलं,” म्हणाले. “त्याला ‘म्हणे’ कसं लावणार?”

मी काकूंकडे बघितलं. पाच वर्षं गॅसला ‘म्हणे’ लागलेल्या बाईकडे. त्या आपल्या भावाच्या वाट्याला आलेला तो विश्वास बघत होत्या. तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी फोन उचलला. “बारक्या, ये. आत्ता.”

बारक्या वीस मिनिटांत आला. हेल्मेट हातात, दारातच उभा. काकांनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

“दर महिन्याला वर चढलास?”

“भावजी, काय विचारताय?”

“विचारतोय.”

“मी म्हणतो फाइल देऊच नका. पेनड्राइव्ह हरवला म्हणा. कार्ड आहे त्यांच्याकडे, तेवढं बस की.”

“चढलास का?”

बारक्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“दोनदा. अगदी पहिल्यांदा, आणि मोटर बदलली तेव्हा, कमरेला दोर बांधून. पहिल्या वेळी सी विंगची शिडी हलली. एका हातावर लटकलो. तेव्हापासून शिडी धरली की हाताला पाणी सुटतं. धरवत नाही.”

“मग ठीक कुठून आणलंस?”

“गच्चीवरून आवाज ऐकायचो. तुम्हीच म्हणायचात, चांगल्या मेकॅनिकला कान पुरतात.”

“ते मी माझ्या कानांबद्दल म्हणायचो!”

“लहानपणी माळ्यावर चढायचा नाही हा,” काकू म्हणाल्या. “पतंग अडकला तर मला चढवायचा.”

काका वळले. “मग हे मला सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मला गॅसचं विचारता.”

बारक्या खाली बसला. जमिनीवरच.

“घाला ‘म्हणे’ सगळीकडे,” तो म्हणाला. “माझा परवाना जाऊ दे. मला अजून वीस वर्षं आहेत, दुसरं काही बघेन.”

काकांनी मला विचारलं, “बावीस ठिकाणी ‘म्हणे’ घालायला किती वेळ लागेल?”

“एका दमात होईल. पण फायलीवर आजची तारीख पडेल. कुणी बघितलं तर कळेल.”

मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. ती कीबोर्डवर होती. दोन न वळणारी बोटं कडेला ताठ. मला वाटलं, आता करतील. स्वतःला वाचवतील आणि त्यालाही खरंच म्हणता येईल.

“अक्षराला हात न लावता या ओळींना रंग देता येतो का?”

“काहीतरी खूण लागेल. त्याच ओळी ओळखायला.”

“खूण शोध. ते तुझं काम. साहित्य आहेस ना?”

मी वाचायला लागले. गुडघ्याआधीची वाक्यं आणि नंतरची. खूण समोरच होती. काका स्वतः वर जात तेव्हा आकडा लिहीत. ‘लायनर साडेचार.’ ‘लायनर चारला आलं.’ नवं पाच मिलिमीटरचं असतं, दोनच्या खाली गेलं की बदलायचं. बावीस महिन्यांत एकही आकडा नव्हता. सगळीकडे ‘ठीक’. जो शब्द ते नव्या पोरांना तोंडातून काढू देत नसत, तो त्यांनी बावीस वेळा स्वतःच्या हाताने लिहिला होता. बारक्याच्या तोंडचा, जसाच्या तसा.

मी नियम लिहिला. ‘ठीक’ असलेली ओळ जांभळी.

सी विंगचा खालचा भाग जांभळा झाला. काका बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “बाकीच्या उघड.”

ए. जांभळी. बी, डी, ई, एफ. सगळ्यांचे शेवटचे बावीस महिने जांभळे.

“शिडी सगळीकडे आहे,” काका म्हणाले. “सी बंद आहे. पाच चालू आहेत. आत्ता माणसं बसलीत त्यांत.”

त्यांनी चप्पल घातली. काकू म्हणाल्या, “गुडघा.” ते निघालेही होते.

मी रिक्षातून पाच वॉचमनना फोन लावले. लिफ्ट बंद करा, ऑफिसचा निरोप आहे. ऑफिस बंद होतं. निरोप माझाच होता. एकाने विचारलं, “साहेबांनी सांगितलं का?” मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी काकांसमोर खोटं बोलले आणि त्यांनी ते चालू दिलं.

वसाहतीत माणसं पिशव्या घेऊन जिन्याने चढत होती. शिव्या देत होती. एक आजोबा म्हणाले, “अपघात सीमध्ये झाला, आम्हाला कशाला शिक्षा?” काका थांबले नाहीत.

सहाही विंगांच्या गच्च्या जोडलेल्या आहेत; ए विंगची लिफ्ट तेवढ्यापुरती चालू करून आम्ही तिघं वर गेलो. ए विंगची शिडी ते चढले. एक पाय आधी, मग दुसरा त्याच पायरीवर. बारक्या खालून शिडी धरून होता. वरून आवाज आला, “साडेतीन.” मी वहीत लिहिलं. बी, तीन. डीमध्ये त्यांना मधेच थांबावं लागलं. सव्वातीन. एफ विंग जवळ होती म्हणून ती आधी घेतली. साडेतीन. खाली उतरले तेव्हा पँटचा गुडघा सुजून घट्ट झाला होता.

ई विंगच्या गच्चीवर ते शिडीपाशी गेले. उजवा पाय पायरीवर ठेवला. उचलला गेला नाही. परत ठेवला. नाही.

“सोमवारपर्यंत बंद ठेवू,” मी म्हणाले.

“चौदा मजले आहेत. दहाव्यावर एकजण चाकाच्या खुर्चीत आहे. बंद ठेवायला कारण पाहिजे, संशय नाही.”

हे वाक्य शंकासुर बोलले.

बारक्याने शर्टाला हात पुसले. शिडी धरली. सोडली. परत पुसले.

“बघू नका माझ्याकडे,” म्हणाला.

काकांनी तोंड फिरवलं. मी पण. शिडी वाजत होती. एक पायरी. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. काका गच्चीच्या कठड्याकडे बघत पायऱ्या मोजत होते. ओठ हलत होते. चौदा पायऱ्या. मग वर दार कुरकुरलं.

बराच वेळ गेला.

“भावजी.”

“बोल.”

“दीड आहे.”

“नीट बघ. पट्टी सरळ धर.”

“सरळच धरलीय. दीड.”

“दुसऱ्या बाजूला?”

“दीडला थोडं कमी.”

काका कठड्याला टेकले. दोनच्या खाली. ही लिफ्ट काल रात्रीपर्यंत, आज दुपारपर्यंत चालली होती. मी वहीत लिहिलं: ई विंग, लायनर दीड.

काकांनी वहीत डोकावलं. वर बघितलं. त्या दाराकडे, जिथपर्यंत ते जाऊ शकत नव्हते.

“पुढे ‘म्हणे’ लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं.

सोमवारी चौकशी झाली. काकांनी फाइल तशीच दिली, सोबत नियमांची फाइल. निरीक्षकांनी विचारलं, हे जांभळं काय आहे? काकांनी सांगितलं, ते मी न पाहता पाहिलं म्हणून लिहिलं. सगळं सांगितलं. गुडघा, फोन, शिडी. कान पुरतात हे आपलंच वाक्य, हेही. बारक्याने स्वतःचं वेगळं सांगितलं. ते जुळलं. निरीक्षकांनी ई विंगचा आकडा विचारला आणि तेवढाच कागदावर दोनदा अधोरेखित केला.

काकांचा परवाना गेला. सह्या त्यांच्या होत्या. बारक्याचा सहा महिन्यांसाठी थांबवला. संगीतशिक्षिकेचं हाड जुळायला वेळ लागतोय. काका दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन बसतात. त्या फारसं बोलत नाहीत, म्हणे. मी गेलेली नाही.

साहेबांनी काकांना माझ्या शेजारचं टेबल दिलं. आता ते दुसरा फोन घेतात. मेकॅनिक वरून आकडे कळवतात, काका फायलीत लिहितात. स्वतः काहीच पाहत नाहीत. त्यांच्या फायली आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळ्या असतात. काकू एकदा डबा द्यायला आल्या, स्क्रीन बघून म्हणाल्या, “झाली कावीळ पूर्ण.” काका म्हणाले, “गॅस बंद करून आलीस का?” त्या म्हणाल्या, “नाही.” आणि डबा ठेवून गेल्या. पुढचा तासभर काका दर पाच मिनिटांनी घरी फोन लावत होते.

बारक्या गेल्या महिन्यात कामावर परतला. पहिल्या दिवशी सी विंग. नवी शिडी बसवली आहे, कठड्याची. दुपारी फोन वाजला. काकांनी स्पीकरवर घेतला. दोन्ही हात लिहायला मोकळे लागतात.

“भावजी, सी. ब्रेक पाहिला. लायनर चार पूर्णांक आठ.”

“हाताला पाणी?”

“सुटलं. पुसलं. चढलो.”

काका टाइप करत होते. मी माझ्या जागेवरून बघत होते. ओळ काळी होती. आकडा लिहून झाला. कर्सर लुकलुकत राहिला.

“लिहिलंत का ‘म्हणे’?” फोनमधून आवाज आला.

काकांनी लिहिलं. पूर्णविराम दिला. ओळ पिवळी झाली.

“लिहिलं,” म्हणाले.

“बरं केलंत. आता डीकडे निघतोय.”